बाई, कुत्रं छपरावर चढतच नाही

सर, नमस्कार.

मी चिपळूण तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात ‘इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ असं वाक्य आलं. मुसळधार पाऊस पडत होता, असा अर्थ सांगितला. पोरांचं तेवढ्यावर समाधान कुठलं! ‘कुत्री-मांजरंच का बाई?’ म्हणून गलका झाला. मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज आठवला, तो मी रंगवून सांगितला. पूर्वी इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असायची, ऊब मिळते म्हणून कुत्री-मांजरं त्या गवतात झोपायची, आणि जोराचा पाऊस आला की गवत निसरडं होऊन ती धपाधप खाली पडायची. वर्ग खूश.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘बाई, आमच्या गोठ्यावर पेंढाच आहे. कुत्रं छपरावर चढतच नाही. मांजर चढतं, पण पाऊस यायच्या आधीच खाली उतरतं.’’ सगळा वर्ग हसला. मीही त्याला ‘‘ते इंग्लंड आहे, तुझा गोठा नव्हे’’ म्हणून खाली बसवलं. तो बसला, पण त्याचा चेहरा काही डोळ्यांसमोरून जात नाही. घरी येऊन शोधाशोध केली तर आणखी तीन-चार गोष्टी सापडल्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. खरं काय आहे? आणि आठवडा उलटून गेल्यावर वर्गात पुन्हा तो विषय काढणं बरं दिसेल का? शाळेतले बाकीचे म्हणतात, सोडून द्या, परीक्षेत अर्थच विचारतात.

– एक शिक्षिका

बाई,

सोडून देऊ नका. त्या मुलाचं बरोबर आहे, आणि ते तुम्हाला तिथल्या तिथेच कळलं होतं. नाहीतर पत्र लिहायला बसला नसता.

आधी छपराचं बघू, कारण त्या बाबतीत तुमच्या वर्गातली निम्मी पोरं मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जाणती आहेत. माझ्या आजोळी गोठा केंबळी होता. मे महिना सरत आला की शाकारणी निघायची. जुना काळवंडलेला पेंढा उतरवायचा, कुजलेला वासा बदलायचा, आणि मग नव्या पेंढ्याच्या पेंड्या वळचणीपासून सुरुवात करून वर आढ्याकडे रचत न्यायच्या. खालून वर, वरून खाली नाही. म्हणजे प्रत्येक वरची पेंडी खालच्या पेंडीच्या माथ्यावर येते. सुंभाने आवळून बांधत जायचं. मामा वर बसलेला आणि आम्ही पोरं खालून पेंड्या झेलायला देतोय, एवढंच आमचं काम, पण ते काम मिळावं म्हणून भांडणं व्हायची.

आता या छपरावर पाऊस पडला की काय होतं? पाणी वरच्या काडीवरून खालच्या काडीवर, तिथून पुढच्या काडीवर असं घरंगळत वळचणीला येतं आणि पागोळ्या होऊन अंगणात पडतं. आढ्याचं पाणी वळचणीला ही म्हण उगाच नाही आली. भिजतो तो वरचा बोट-दोन बोटांचा थर. आषाढातल्या ऐन झडीत त्या पेंढ्यात मनगटापर्यंत हात खुपसला, तरी बोटांना कोरडं आणि किंचित गरम लागायचं. माझ्या हाताला तो स्पर्श अजून आठवतो. छपराचं कामच ते. पाऊस आल्यावर ज्याच्यातून जनावरं गळतात, त्याला छप्पर कोण म्हणेल?

इंग्लंडात वेगळं काही नाही. डेव्हन, डॉर्सेट या भागांत अशी घरं आजही आहेत, लोक हौसेने राखतात. पेंढ्याच्या जागी गव्हाचं काड नाहीतर पाणथळीत उगवणारं बोरूच्या जातीचं गवत. थर चांगला फूटभर जाड, घट्ट दाबून बांधलेला. आणि उतार? साधारण ४५ ते ५० अंश. तो कमी करून चालतच नाही, पाणी मुरायला लागतं. त्या काडाच्या थरात उंदीर घर करतील, चिमण्या घरटी बांधतील, किडे तर असणारच. उंदरांच्या वासाने एखादं मांजरही वर जाईल. पण कुत्रं? पन्नास अंशांच्या उतारावर, जमिनीपासून दीड पुरुष उंच? आणि समजा गेलंच वर, तर गवताच्या आत झोपलेलं जनावर कोरडं राहणार, ते घसरायचं कशाला? गवताच्या वर झोपलं असेल तर पहिल्या चार थेंबांनाच उठून चालतं होईल. मांजराची जात आहे ती! तुमचा विद्यार्थी हेच सांगत होता, फक्त त्याने ते एका वाक्यात सांगितलं.

हा मेसेज मोबाइलवर आला म्हणून नवा समजू नका. १९९९ साली, व्हॉट्सअ‍ॅपचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, इंग्रजीतून एक लांबलचक ई-मेल जगभर फिरला. ‘पंधराशेच्या काळातलं जीवन’ अशा थाटाचा. लिहिणाऱ्याचं नाव नाही. त्यात हे छप्पर होतंच, शिवाय इतर डझनभर शब्दांच्या आणि वाक्प्रचारांच्या जन्मकथा होत्या. छपरावरून घाण पडते म्हणून चार खांबांचे, वर चांदवा असलेले पलंग आले म्हणे. गवताच्या झोपडीत राहणाऱ्या गरिबाकडे चांदव्याचा पलंग कुठून येणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही. जमिनीवर पसरलेलं गवत दाराबाहेर जाऊ नये म्हणून आडवी फळी ठोकली, तिच्यावरून उंबरठ्याला ‘थ्रेशोल्ड’ म्हणायला लागले, असंही त्यात आहे. हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना. त्याचा पहिला भाग मळणीच्या शब्दाशी, म्हणजे मुळात पायाने तुडवण्याशी नातं सांगतो. बैलांच्या पायांखालची मळणी आठवा म्हणजे पटेल. गवत अडवायचा त्यात काही संबंध नाही.

त्यातली आंघोळीची गोष्ट मात्र थोडी थांबून बघण्यासारखी आहे. वर्षातून एकदा सगळं घर एकाच टबात आंघोळ करायचं, आधी बाप्ये, मग बायका, शेवटी तान्हं मूल. तोवर पाणी इतकं काळं व्हायचं की पाण्याबरोबर मूलही फेकलं जायचं, आणि त्यावरून ‘बाळासकट आंघोळीचं पाणी फेकू नका’ असं म्हणतात, असा ई-मेलचा दावा. आता खरा कागद काय सांगतो? स्ट्रासबुर्गच्या थॉमस मुर्नर नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने १५१२ साली मूर्खांची टर उडवणारं पुस्तक जर्मन भाषेत छापलं. त्यात ही म्हण आहे आणि सोबत लाकडी ठशातलं चित्रही आहे, एक बाई टब उपडा करते आहे आणि पाण्याबरोबर पोर निघालंय. म्हणजे साल ई-मेलला सोयीचं, पण भाषा जर्मन. इंग्रजीत ती थॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने १८४९ मध्ये जर्मनांची म्हण म्हणून आणली, तब्बल तीन शतकांनंतर. आणि मुर्नर हे मूर्खपणाचं उदाहरण म्हणून देतो. ज्या गावात खरोखर दर वर्षी बाळं फेकली जात असतील, तिथे त्यावर विनोद करून पुस्तक खपवता येईल का?

तर कुत्र्या-मांजरांचा कागद शोधू. इथे माझ्या आवडीचा भाग सुरू होतो, थोडा सैल सुटलो तर सांभाळून घ्या.

हा पाऊस छापील इंग्रजीत पहिल्यांदा दिसतो तो १६५१ साली. हेन्री व्हॉन हा वेल्सचा कवी. त्याने कुणाकडून तरी एक मोठा झगा उसना घेतला होता आणि त्या झग्याची थट्टा करणारी कविता लिहिली. तीत तो म्हणतो की फेरीवाल्यांना असं छप्पर मिळालं तर जत्रेच्या दिवशी हवंच आहे, वरून कुत्री-मांजरं बरसली तरी माल सुरक्षित राहील. बघितलंत? छपराचा उल्लेख आहे, पण अगदी उलटा! इथे छप्पर कुत्र्या-मांजरांपासून वाचवतंय. ई-मेलवाल्याने ही ओळ वाचली असती तर पुढचं लिहिलंच नसतं.

दोन वर्षांनी, १६५३ मध्ये, रिचर्ड ब्रोमचं एक नाटक छापून आलं. त्यातला एक पंतोजी लॅटिनची फोडणी घालत बडबडतो, आणि त्या बडबडीत म्हणतो की कुत्री आणि पोलकॅट बरसतील. पोलकॅट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, घाण वास सोडणारा प्राणी. यातून एक गोष्ट कळते. त्या काळात ही जोडी अजून पक्की बसलेली नव्हती. लोक थट्टेने आकाशातून काहीबाही पाडत होते, मांजराच्या जागी पोलकॅटही चालत होता. एखाद्या खऱ्या घटनेवरून वाक्प्रचार पडला असता, तर प्राणी असे बदलले असते का?

मग येतो जोनाथन स्विफ्ट. गलिव्हरच्या सफरी लिहिणारा तोच. १७१० मध्ये त्याने लंडनमधल्या एका पावसावर कविता लिहिली. सुरुवात हलकीफुलकी आहे, पावसात अडकलेल्या बायका दुकानात शिरतात आणि घ्यायचं काही नसताना भाव विचारत बसतात. (लंडन काय नि दादर काय.) शेवट मात्र नाक दाबून वाचावा असा. स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजाराकडून गटारं तुंबून वाहायला लागतात, आणि त्या लोंढ्यात खाटकांच्या दुकानातला केर, शेण, आतडी, रक्त, बुडून मेलेली कुत्र्याची पिल्लं, चिखलाने माखलेली कुजकी मासळी, मेलेली मांजरं, भाजीचे देठ असं सगळं गडगडत येतं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरून ओसरलं, तेव्हाचा चिखल तुम्ही पाहिलेला असेल. तुम्हाला ही कविता समजावून सांगायची गरज नाही.

या कवितेमुळेच पुष्कळ जण म्हणतात की वाक्प्रचार इथून आला, रस्त्यावरची मेलेली जनावरं पाहून लोकांना ती वरून पडली असं वाटलं. तुम्हाला सापडलेल्या गोष्टींत ही असणारच. छपरापेक्षा बरी आहे, निदान पाय जमिनीवर आहेत. पण १७१० हे १६५१ च्या नंतर येतं, त्यामुळे कविता काही उगम ठरत नाही. शिवाय स्विफ्टची जनावरं वाहत येतात, पडत नाहीत. त्याच स्विफ्टने १७३८ मध्ये उच्चभ्रू लोकांच्या गप्पांची टिंगल करणारं पुस्तक काढलं. बैठकीत जी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं लोक पुन्हा पुन्हा टाकतात, ती वेचून त्याने संवाद रचले. त्यातला एक जण म्हणतो की आकाशातून कुत्री-मांजरं पडणार असली तरी सर जॉन जाणारच. म्हणजे तुम्ही-आम्ही जो वाक्प्रचार पोरांना नवा म्हणून शिकवतो, तो स्विफ्टला तीनशे वर्षांपूर्वीच शिळा वाटत होता!

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या ओडिन देवाचे लांडगे आणि चेटकिणींची मांजरं, हा एक तर्क. धबधब्याला ‘कॅटडूप’सारखा एक जुना फ्रेंच शब्द होता, त्याचं ‘कॅट्स अँड डॉग्ज’ झालं, हा दुसरा. ग्रीक भाषेत ‘कॅटा डॉक्सा’ म्हणजे विश्वास बसणार नाही असं, हा तिसरा. तिन्ही कानाला गोड. तिन्हींच्या मागे कागदाचा तुकडा नाही. कोशकार या तिन्हींना हात लावत नाहीत, आणि एकच एक उगम कुणी सिद्ध केलेला नाही. त्यातल्या त्यात सरळ वाटतं ते असं की कुत्र्या-मांजराचं वैर तिथेही म्हणीतलं आहे, दोघं भिडली की जो कल्लोळ उठतो तो धो धो पावसाच्या आवाजाला लावला, आणि ऐकणारा हसला म्हणून टिकला. मला विचाराल तर एवढं पुरे.

पण तुम्ही म्हणाल, पोरांना एवढं पुरत नाही. ‘कुत्री-मांजरंच का’ या प्रश्नाला उत्तर हवंय. तर त्यांना उलटा प्रश्न टाका. तुम्ही अर्थ काय सांगितला? मुसळधार. मुसळ कुणी कुणी पाहिलंय विचारा. कोकणात अजून एखाद्या घरी पडवीत उभं असेल, पुरुषभर उंचीचं लाकूड, टोकाला लोखंडी कडं, हातात धरायच्या जागी घासून घासून बारीक झालेलं. असल्या जाडीची पाण्याची धार, म्हणून मुसळधार. आजवर कुणी विचारलं का, की कुठल्या साली, कुठल्या गावी आकाशातून मुसळं पडली? छपरावर मुसळं ठेवायची पद्धत होती का? आपल्याला विचारावंसं वाटत नाही, कारण आपल्याला चित्र दिसतं. इंग्रजी शब्दांत आपल्याला चित्र दिसत नाही, म्हणून आपण घटना शोधतो.

आणखी एक गंमत. आपल्याकडे पावसाला जनावरं काय कमी आहेत? पंचांग उघडा. मृगापासून पुढच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. हत्ती, म्हैस, बेडूक, घोडा, गाढव, कोल्हा, मेंढा, मोर, उंदीर. बेडूक, म्हैस नाहीतर हत्ती असला की शेतकरी खूश, पाऊस भरपूर. कोल्हा म्हटलं की कपाळाला आठी. आता कल्पना करा, एखाद्या गोऱ्या साहेबाच्या कानावर ‘यंदा आर्द्रा म्हशीवर बसून येतंय’ हे पडलं आणि त्याने इंग्लंडातल्या शाळेत जाऊन सांगितलं की मुलांनो, महाराष्ट्रात पूर्वी रस्ते इतके चिखलाचे असत की पावसाळ्यात लोक म्हशीवर बसूनच ये-जा करत, म्हणून ते असं म्हणतात. तुमची पोरं खो खो हसतील. हसून झालं की त्यांना म्हणा, आपण मागच्या आठवड्यात इंग्रजांचं नेमकं हेच केलं.

वेळ राहिला तर फळ्यावर जगभरचा पाऊस पाडा. स्पेनमध्ये घागरी ओततात. जर्मनीत दोऱ्या सुटतात. डेन्मार्कमध्ये चांभाराकडची शिकाऊ पोरं पडतात, ग्रीसमध्ये खुर्च्यांचे पाय, चेकमध्ये ढकलगाड्या. आणि त्या हेन्री व्हॉनच्या वेल्समध्ये, वेल्श भाषेत, म्हाताऱ्या बायका आणि काठ्या. म्हाताऱ्यांवर पोरं सर्वांत जास्त हसतात, माझा अनुभव आहे. मग घरचा अभ्यास द्या, आजीला विचारून पावसाचे शब्द आणायचे. रिमझिम, मुसळधार सगळेच आणतील, त्याला गुण नाहीत. शिरवं, पिरपिर, बुरबुर, झड, वळीव, असं काही आणलं तर.

आता वर्गात पुन्हा विषय काढावा का, हा तुमचा खरा प्रश्न. त्याआधी माझं एक पाप ऐका.

मुंबईतल्या एका शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दर वर्षी एक गोष्ट हमखास सांगायचो. ऐटदार, श्रीमंती थाटाच्या गोष्टीला इंग्रजीत ‘पॉश’ म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या बंदराने दिला. विलायतेहून मुंबईला येताना बोटीच्या डाव्या बाजूला सावली, परत जाताना उजव्या बाजूला. डावी बाजू म्हणजे ‘पोर्ट’, उजवी ‘स्टारबोर्ड’. श्रीमंत साहेब जाता-येता सावलीची खोली घेणार, म्हणून त्यांच्या पी अँड ओ कंपनीच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ यांची आद्याक्षरं मारलेली असायची, पी ओ एस एच. एकदा तर बॅलार्ड पिअरजवळ सहल नेऊन, समुद्राकडे हात करून मी हे सांगितलं होतं. पोरांच्या डोळ्यांत चमक, माझ्या छातीत अभिमान. पुढे कळलं की असं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापील इंग्रजीत रुळलेला दिसतो आणि बोटीची गोष्ट येते त्यानंतर, १९३० च्या दशकात. म्हणजे मूल आधी जन्मलं आणि बाप नंतर.

मी ते पुढच्या वर्गांना सांगणं बंद केलं. बस, तेवढंच केलं. आधीच्या पोरांना सांगायला गेलो नाही, लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, चांगला पन्नाशीचा. आपल्या नातवंडांना हीच गोष्ट सांगत होता, ‘आमच्या सरांनी शिकवलं’ म्हणून. मी समोर उभा. जिलबी गोड लागली नाही. तुमचा वर्ग अजून तुमच्या हातात आहे, सोमवारी पहिल्या तासाला समोर बसणार आहे. माझ्याइतका उशीर करू नका.

काय करायचं ते सांगतो. भाषण नको, डोळ्यांत पाणीही नको, पोरं अवघडतात. आदल्या दिवशी त्या मुलाला बाजूला घेऊन एवढंच म्हणा की उद्या येताना गोठ्याचा थोडा पेंढा आण, तू म्हणालास ते आपण करून बघू. ‘तुझं बरोबर होतं, मी तुला उगाच खाली बसवलं’ हे वाक्य मात्र सगळ्या वर्गासमोर म्हणा. हसणारा वर्ग होता, तर ऐकणाराही तोच असू दे. मग त्याच्याच हातून पेंड्या बांधून घ्या. बाकाला एक फळी तिरकी टेकवा, चांगली उभट, त्यावर खालून वर तीन-चार थर रचा. पेंढ्याच्या खाली, फळीला लागून, एक कोरडा कागद ठेवा. तांब्याने वरून पाणी ओता. थर नीट बसले असतील तर पाणी पुढे टपकेल आणि कागद कोरडा राहील. त्यानंतर फळी जरा आडवी करून पुन्हा ओता, कागद भिजेल. छपराला उतार का लागतो, ते विज्ञानाच्या बाई वेगळं शिकवणार असतील तर त्यांनाही बोलवा.

प्रयोग फसला तर फसला. तो मुलगाच सांगेल कुठे चुकलं.

तुमच्या शाळेतले म्हणतात ते परीक्षेचंही बघून टाकू, ते पूर्ण खोटं नाही. पेपरात अर्थ आणि वाक्यात उपयोग, एवढंच येतं. पण उपयोगातच पोरं घसरतात, ती छपरावरची मांजरं परवडली. ‘इट वॉज रेनिंग लाइक कॅट्स अँड डॉग्ज’ असं निम्मी मुलं लिहितात, मराठीतलं ‘सारखा’ तिथे डोकावतो. ‘लाइक’ घालायचं नाही. ‘कॅट्स अँड डॉग्ज वेअर रेनिंग’ असंही मी तपासलंय आणि त्यावर लाल शाईने एक भिजलेलं मांजर काढलंय. वाक्य ‘इट’नेच सुरू होतं. आणि पावसाळ्यावरच्या प्रत्येक निबंधात पहिल्याच ओळीला हा वाक्प्रचार टाकायची सवय मोडा. आजचा इंग्रज पावसात अडकला तर बहुधा ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. हे ऐकलं की पोरांना हायसं वाटतं, स्पेलिंग सोपं.

आणि एक माझ्यासाठी करा. त्या मुलाला विचारून घ्या, मांजर पाऊस येण्याच्या नक्की किती आधी खाली उतरतं, आभाळ भरून आल्यावर की त्याच्याही आधी. आजोळी आमच्याकडेही होतं एक, गोठ्याच्या आढ्यावर बसणारं. ते कधी उतरायचं याच्याकडे मी लक्षच दिलं नाही.